सुई, गोळी आणि हनुवटी : आजारी कुत्र्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

३ जून

तीन कुत्री, तीन घरं, तीन आजार. भुरीला मधुमेह, टायगरला फिट्स, बंड्याचं हृदय वाढलेलं. तिघांच्या डॉक्टरांनी औषधं नीट लिहून दिली आहेत आणि तिन्ही घरांत ती जनावराच्या अंगात नीट पोचत नाहीत. काम एवढंच: उपचार घरच्या घरी, रोज, झटापट न होता व्हायला हवेत. निदान आणि डोस हा डॉक्टरांचा प्रांत, तिथे मी बोलणार नाही.

पहिल्या भेटी झाल्यावर वहीत एक नवा रकाना आखला: "काय उरलं?" धडधाकट कुत्र्याला शिकवताना आपल्याकडे खाऊ असतो, खेळ असतो, पळापळ असते आणि मुख्य म्हणजे वेळ असतो. आजार यातलं एकेक काढून घेतो. मधुमेहात खाऊचा दाणा न् दाणा हिशोबात धरावा लागतो. हृदयाच्या दुखण्यात चीज, सॉसेज असलं खारट काही चालत नाही, आणि उड्या मारायला लावणंही नको. फिट्सच्या गोळ्यांनी कुत्रा इतका वखवखतो की खाऊ दिसला की शिकणं राहिलं बाजूला. तेव्हा आधी रकाना भरायचा, मग धडा ठरवायचा.

५ जून, भुरी

नऊ वर्षांची मादी. निदान झाल्यावर नसबंदी करून घेतली, डॉक्टरांनी तसा आग्रहच धरला होता. माज येऊन गेला की पुढचे जवळपास दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं राहतं, त्या काळात शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि डोस वाढवत गेलं तरी शुगर हलत नाही. आता इन्सुलिन दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, जेवणाला जोडून.

आज मी दारात बसून नुसतं बघितलं. काकूंनी फ्रिज उघडला. भुरी वाटीपाशी होती, तिचे कान मागे गेले. काकूंनी बाटली तळहातांत घोळवली, भुरी उठून उभी राहिली. सुईच्या टोपणाचा 'टक्' आवाज झाला आणि भुरी पलंगाखाली. मग मुलाने तिला ओढून बाहेर काढायचं, गुडघ्यांत दाबून धरायचं, काकूंनी मानेची कातडी खेचून टोचायचं. सगळे घामाघूम.

इन्सुलिनची सुई इतकी बारीक असते की बऱ्याच कुत्र्यांना ती लागल्याचं कळतही नाही. भुरी घाबरते ती धरपकडीला, आणि धरपकडीच्या आधीच्या त्या सगळ्या आवाजांना. सुई बारीक, पकड जाड.

मोठी अडचण वेळेची. नखं कापायची असती तर म्हटलं असतं, महिनाभर कापू नका, आधी शिकवू. इन्सुलिन थांबवता येत नाही. कुत्र्याचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप १ सारखा असतो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन जवळजवळ मिळतच नाही. खाडे झाले तर रक्तात कीटोन्स नावाची आम्लं साठून जिवावर बेतू शकतं. म्हणून दोन जागा वेगळ्या केल्या. खरं इंजेक्शन मागच्या खोलीत, पायपुसण्यावर, आतापर्यंत होतंय तसंच, पण कमीत कमी वेळ धरून. शिकवणी पुढच्या खोलीत, निळ्या टॉवेलवर, आणि तिथे शिकवणी पक्की होईपर्यंत खरी सुई येणारच नाही. निळ्या टॉवेलवर दगा होत नाही, एवढं भुरीला आधी पटायला हवं.

७ जून, टायगर

पाच वर्षांचा, पहिली फिट तिसऱ्या वर्षी. तपासण्यांत काही सापडलं नाही. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होणाऱ्या फिट्समध्ये पुष्कळदा तसंच होतं. फिट्सचं औषध फेनोबार्बिटल, सकाळ-संध्याकाळ. गोळी घ्यायला अजिबात कुरकुर नाही. गोळीच काय, डबीही खाईल.

त्रास वेगळाच निघाला. घरात राणीही आहे, दोन वर्षांची. मागच्या फिटच्या वेळी टायगर आडवा पडून पाय झाडायला लागला आणि राणी त्याच्या मानेवर धावून गेली. दादा मध्ये पडले, हाताला टाके पडले. हे विचित्र वाटतं, पण होतं: एकत्र वाढलेली, एकमेकांना टेकून झोपणारी कुत्रीसुद्धा झटके येणाऱ्या कुत्र्यावर तुटून पडू शकतात. समोरचा ओळखीचा वागत नाही, वास बदलतो, हालचाल बदलते, आणि दुसरं कुत्रं बिथरतं. राणीला रागावून उपयोग नाही. तिला त्या क्षणी दुसरीकडे जायचं काम द्यायला हवं.

तर या घरातली माझी विद्यार्थिनी राणी. तिच्या रकान्यात सगळंच उरलंय.

१० जून, बंड्या

छोट्या चणीचा, अकरा वर्षांचा. डाव्या बाजूची माइट्रल झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. कुत्र्यांमधला सगळ्यांत जास्त आढळणारा हृदयरोग हाच, लहान जातींत विशेष. आजोबा एकटेच त्याचं सगळं करतात. हृदयाला बळ देणारं पिमोबेंडन जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी. फुफ्फुसात साठणारं पाणी उतरायला फ्युरोसेमाइड. बंड्या दोन्ही गोळ्या गालात धरून ठेवतो आणि सोफ्यामागे नेऊन टाकतो. आधी चीजमध्ये दडवून जायच्या, मीठ बंद झाल्यावर ती वाट बंद झाली.

डॉक्टरांना फोन केला. गोळीपुरता, बोटाच्या टोकाएवढा बिनमिठाचा उकडलेल्या चिकनचा गोळा चालेल म्हणाले. मग जुनी युक्ती: तीन गोळे, साधा, गोळीवाला, साधा. हातचलाखी तिसऱ्यात आहे. दुसरा गोळा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरायचा, म्हणजे चावत बसायला, जिभेने चाचपायला सवड मिळत नाही. पण आधी काही दिवस तिन्ही साधेच द्यायचे, नाहीतर तो दुसऱ्या गोळ्याचा संशय घ्यायला लगेच शिकतो. तोवर गोळी जिभेच्या मुळाशी ठेवून, गळा चोळून.

आजोबांना दुसरं काम दिलं: गाढ झोपेत छातीचे चढउतार मोजायचे. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा किंवा धापा टाकत असेल तेव्हा मोजू नका. आकडा तीसच्या वर जाऊन तिथेच राहिला तर खोकला-दम यांची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं, कारण फुफ्फुसात पाणी भरायला लागलं की बरेचदा आधी हाच आकडा बोलतो.

१२ जून, भुरी

खाऊचा हिशोब लावला. दिवसभराचे दाणे वजन करून दोन भाग केलेले आहेतच. सकाळच्या भागातून मूठभर काढायचे, तेच शिकवणीचे. दोन जेवणांच्या मध्ये काही नाही. म्हणजे शिकवणीचं घड्याळ इन्सुलिनच्या घड्याळाला बांधलं गेलं: सकाळी जेवणाआधी थोडा वेळ, संध्याकाळी जेवणाआधी थोडा वेळ, बस्स. गंमत अशी की यात फायदाच झाला. ऐन भुकेच्या वेळी साधा दाणाही भारी वाटतो.

धडा: घडी घातलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकवायची आणि ठेवायची. नियम एकच, पण तो माणसांनी पाळायचा आहे. हनुवटी टेकलेली असेल तोवर आपला हात पुढे जाऊ शकतो. तिने डोकं उचललं की हात मागे, त्याच क्षणी, "अगं थांब ना" न म्हणता. चिराग पटेल या प्रशिक्षकाच्या 'बकेट गेम'चं तत्त्व हेच आहे. तिथे कुत्रा खाऊच्या डब्याकडे बघत राहतो तोवर काम चालतं, नजर वळवली की थांबतं. डबा समोर असला की भुरीला दुसरं काही सुचत नाही, म्हणून मी हनुवटी घेतली.

काकूंना हे पटलेलं नाही. "म्हणजे तिने नाही म्हटलं तर आपण ऐकायचं? ताई, औषध आहे ते." मी म्हटलं, काकू, औषध मागच्या खोलीत चालूच आहे. इथे फक्त ऐकायचं.

१६ जून, राणी

घंटा वाजली की आतल्या खोलीत जायचं, तिथे जमिनीवर दाणे विखुरलेले असतात, मागून जाळीचं फाटक बंद. हाक मारण्याऐवजी घंटा ठेवली. फिट आली की माणसाचा आवाज बदलतो, ओरडा होतो, आणि घाबरलेल्या आवाजातला "आत जा" कुत्र्याला वेगळाच शब्द वाटतो. घंटेचा आवाज बदलत नाही. शिवाय ती घरातली आठ वर्षांची मुलगीही वाजवू शकते. तिला तेवढंच काम: घंटा वाजवायची, फाटक लावायचं, टायगरच्या जवळ जायचं नाही.

राणी पटकन शिकतेय. पुढची पायरी मोबाइलवरची. दादांनी डॉक्टरांना दाखवायला मागच्या फिटचं शूटिंग केलं होतं. त्यात टायगरची नखं फरशीवर टकटक वाजतात तो आवाज स्पष्ट आहे. टायगर बाहेर फिरायला गेला असताना तो अगदी हळू आवाजात लावायचा आणि मागोमाग घंटा. आवाज दर वेळी किंचित वाढवायचा.

२१ जून, भुरी

फ्रिजची भीती घालवायला खाऊ खर्च करायचा नाही असं ठरवलं होतं. म्हणून फ्रिज दिवसभर उगाचच उघडायचा: पाणी काढायला, काही ठेवायला, नुसताच. दहापैकी नऊ वेळा काही घडत नाही म्हटल्यावर कान मागे जाणं कमी झालंय. टोपणाचा 'टक्' मात्र अजून लागतो. त्यासाठी रिकाम्या, सुई काढून टाकलेल्या सिरिंजची टोपणं मुलाच्या खिशात ठेवली. तो टीव्ही बघताना वाजवत बसतो.

शेजारच्या मावशींनी घरात उरलेल्या सिरिंजचा डबा मायेने आणून दिलाय. बघितलं तर यू-१०० च्या (एका मिलीलिटरला १०० युनिट इन्सुलिन धरून आखलेल्या), आणि भुरीची बाटली यू-४० ची (मिलीलिटरला ४० युनिट). बाजूला काढायला लावल्या. यू-१०० ची सिरिंज यू-४० च्या बाटलीत घालून त्याच आकड्यापर्यंत भरली तर डोस अडीचपट कमी जातो, उलट केलं तर अडीचपट जास्त, आणि तो उलटा प्रकार जीवघेणा. बाटली आणि सिरिंज दोन्हीवर आता एकाच रंगाची पट्टी चिकटवली आहे. बाटली घोळवायची की हलवायची हेही आपापल्या बाटलीच्या कागदावर वाचायचं. काही इन्सुलिनं हळुवार घोळवायची असतात, काही पांढरट होईपर्यंत चांगली हलवायची. एकाचं ऐकून दुसऱ्याने करायची गोष्ट नाही.

२४ जून, बंड्या

झोपेतले श्वास २२, २४, २२. आजोबांची वही माझ्या वहीपेक्षा नीटनेटकी आहे. गोळ्या जातायत.

२८ जून, भुरी

मानेवर हात ठेवणं, कातडीची चिमटी, चिमटीत बोथट पेनचं टोक: हनुवटी टिकली. जागा बदलत ठेवतोय, मानेपासून मागे छातीच्या कडेने, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. रोज एकाच ठिकाणी टोचलं तर तिथली कातडी जाड होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

काकूंनी आज विचारलं, माणसांचं औषध कुत्र्याला लागू पडतं, हे कसं काय? खरं तर प्रवास उलटा आहे. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर सापडली, तिथून धागा लागला. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क दिला तोही कुत्र्यांनाच. त्यातली मार्जरी नावाची कुत्री स्वादुपिंडाशिवाय सत्तरएक दिवस जगली. माणसाला पहिलं इंजेक्शन मिळालं ते जानेवारी १९२२ मध्ये. शिवाय डुकराच्या इन्सुलिनची अमिनो आम्लांची साखळी कुत्र्याच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळते, म्हणून कुत्र्यांना ते दिलं जातं. काकू बराच वेळ भुरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मग हिचाच हक्क पहिला की!"

२ जुलै, भुरी

निळ्या टॉवेलवर पहिलं खरं इंजेक्शन. काकूंनीच दिलं, मी बाजूला. मुलाला मुद्दाम बाहेर पाठवलं होतं, कारण तो खोलीत असला की भुरी त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहते.

भुरीने हनुवटी टेकली. काकूंनी कातडी उचलली, भुरीने डोकं उचललं. काकूंचा हात मागे आला, आपसूक, मी काही न बोलता. भुरी टॉवेल हुंगत राहिली, मग पुन्हा टेकली, या वेळी जरा जोरात, टॉवेलला खड्डा पडेल अशी. चिमटी, सुई, दट्ट्या, सुई बाहेर. शेपटीचं टोक हललं तेवढंच. वाटी पुढे सरकवली. आता मागच्या खोलीतलं पायपुसणं धुवून टाकायला हरकत नाही.

६ जुलै, बंड्या

दाराची बेल वाजली की बंड्या भुंकत धावतो, मग खोकतो, मग दम लागतो. बेल बदलून चालणार नाही, नव्या बेललाही तो चारच दिवसांत तसाच धावेल. बेल म्हणजे आजोबांच्या खुर्चीशेजारच्या चादरीवर जायचं, तिथे चाटायची चटई मिळते. त्यावर बिनमिठाचा भोपळ्याचा गर. चाटताना कुत्रं शांत होत जातं आणि चालतच जायचं असल्यामुळे धावपळ नाही. गळ्याचा पट्टा काढून छातीचा हार्नेस घातला, श्वासनलिकेवर ताण नको.

दुसरा धडा आडवं पडून राहण्याचा. इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, कुत्र्याला कुशीवर झोपवून, बहुधा मध्ये खाच असलेल्या टेबलावर, खालून प्रोब लावतात. दोन माणसांनी दाबून धरलं की धडधड वाढते आणि डॉक्टरांना जे मोजायचंय तेच बिघडतं. घरी कुशीवर झोपून पोट खाजवून घेणं बंड्याला आवडतंच. त्यात फक्त ओल्या गार कापसाचा स्पर्श मिसळायचा.

११ जुलै, टायगर

काल रात्री फिट आली. दादांनी घड्याळ लावलं, दोन मिनिटं आणि थोडे सेकंद. मुलीने घंटा वाजवली, राणी आत गेली, फाटक लागलं. दाणे तिने खाल्ले नाहीत, जाळीला पुढचे पाय लावून भुंकत राहिली. जाळी टिकली. माझ्या दृष्टीने हे पास. भुंकणं पुढे बघू.

दादांनी तोंडात हात घातला नाही, हे बरं झालं. कुत्र्याची जीभ घशात जात नाही, पण बोटं मात्र जातात. खुर्च्या सरकवल्या, दिवा मंद केला, डोक्याखाली मऊ काही सरकवलं. फिट थांबल्यावर टायगर भिंतीला धडकत फिरला, दादांवर गुरगुरला. त्यांना ते फार लागलंय. त्या वेळेत कुत्र्याला धड दिसत नाही, माणूस ओळखू येत नाही. मिनिटांपासून कधी तासांपर्यंत चालतं. फ्रिजवर कागद लावला: फिट पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर सरळ दवाखाना.

१५ जुलै, टायगर

"घरात शू करायला लागलाय, याला शिस्त लावा." दादा, ही शिस्तीची बाब नाही. फेनोबार्बिटलने तहान वाढते, तहान वाढली की शू वाढते. पाणी तोडायचं नाही. बाहेर न्यायच्या खेपा वाढवायच्या, झोपण्याआधीची शेवटची खेप अगदी उशिरा. वहिनींनी हळूच विचारलं, गोळी अर्धी केली तर? नाही. हे औषध अचानक कमी केलं किंवा तुटलं तर न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. काय बदलायचं ते रक्तातली पातळी आणि यकृत तपासून डॉक्टर ठरवतील.

भुकेसाठी उपाय केला: वाटी बंद. सगळं जेवण दाणे-लपवायच्या चटईतून आणि कागदाच्या खोक्यांतून. तेवढंच जेवण, पण वेळ खातो. वजन वाढू द्यायचं नाही.

२० जुलै, भुरी

घरच्या घरी शुगरचा आलेख. दर दोन तासांनी कानाच्या आतल्या बाजूला टोचून थेंब काढायचा. मीटर कुत्र्यांसाठी जुळवलेलं, कारण माणसांचं मीटर कुत्र्याच्या रक्तात बहुधा खऱ्याहून कमी आकडा दाखवतं. हनुवटी टेकवून कान धरणं हे चिमटीपेक्षा सोपं गेलं. आकडे: ३१०, २४०, १६५, १२०, १३५, १९०, २६०. तळ १२० चा, डॉक्टर खूश. दवाखान्यात काढलेला आलेख याहून कितीतरी वर होता. भीतीनेही शुगर चढते. हा फरक दाखवता आला, याचं समाधान वाटलं.

शुगर उतरण्याचा सरावही करून घेतला. झोकांड्या, थरथर, बावरलेली नजर दिसली तर हनुवटी-बिनुवटी काही मागायचं नाही. शुद्धीत असेल तर खायला द्यायचं, नसेल तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं, आणि लगेच डॉक्टर. 'शुगर-फ्री' लिहिलेलं काहीही नाही. त्यात झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि आणखी घात होतो. मधाच्या बाटलीवर मुलाने मोठ्या अक्षरांत "भुरी" लिहिलंय.

२ ऑगस्ट, भुरी

काकूंचा सकाळीच फोन. भुरी टॉवेलपर्यंत आली, उभी राहिली, हनुवटी टेकेना. जेवली अर्धंच. काकूंनी डोस न देता आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितला तेवढा कमी डोस दिला. दुपारी लघवी तपासली, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग. मधुमेही कुत्र्यांत हा वारंवार होतो, कारण साखरेच्या लघवीत जंतूंचं फावतं.

हे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटलं. दाबून धरण्याच्या काळात भुरी रोजच नको म्हणायची, त्यामुळे तिच्या नको म्हणण्याला काही अर्थच उरला नव्हता. रोज हो म्हणणारी एक दिवस नको म्हणते तेव्हा ती बातमी असते. वहीत हनुवटीचा स्वतंत्र रकाना केला: लगेच, उशिरा, नाही.

९ ऑगस्ट, भुरी

डोळ्यांत सायीसारखा पडदा. गेल्या आठवड्यात नव्हता. मधुमेही कुत्र्यांमध्ये बहुतेकांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. जादा ग्लुकोजचं भिंगात सॉर्बिटॉल बनतं, ते पाणी ओढून घेतं आणि भिंग फुगून पांढरं पडतं. शस्त्रक्रियेचा निर्णय नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तपासून देतील. तोवर दाह होऊ नये म्हणून डोळ्यांत थेंब, म्हणजे आणखी एक धडा, आणि तोही न दिसणाऱ्या कुत्रीला.

नजर गेली की माणसाचा हात तिच्यासाठी अचानक हवेतून येतो. म्हणून स्पर्शाआधी शब्द, ठरलेले, रोज तेच: "मान", "कान", "डोळा". शब्द, मग क्षणभर थांबणं, मग हात. निळा टॉवेल आता रंगाने उपयोगाचा नाही, खरखरीत विणीचा आणला. सोफा-टेबल जागचं हलवायचं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीआधी काथ्याची चटई, पायाला कळेल अशी.

१४ ऑगस्ट, बंड्या

झोपेतले श्वास ३६, मग ४२. आजोबांनी रात्रीच नेलं. ऑक्सिजन, फ्युरोसेमाइड वाढवलं, घरी आला. आडवं पडायची सवय कामी आली, एक्स-रे धरपकड न करता निघाला.

आजोबांना कागद दिला. अ‍ॅलिस व्हिलालोबॉस या पशुकर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं मोजमाप: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा, बेरीज पस्तीसच्या वर असेल तर निभतंय असं धरतात. आजोबा 'आनंद'पाशी अडले. मी म्हटलं, बेल वाजल्यावर चादरीवर येतो का, ते बघून आकडा लिहा.

२३ ऑगस्ट, बंड्या

काल गेला. बेरीज आठवडाभरात घसरत गेली होती, निर्णय आजोबांनी आणि डॉक्टरांनी मिळून घेतला. डॉक्टर घरी आले. गुंगीचं इंजेक्शन घेताना तो चादरीवर कुशीवर पडून चाटत होता. चटईवर चीज होतं. मिठाचा नियम आजोबांनी सकाळपासूनच उठवला होता.

३१ ऑगस्ट

टायगर: नवी फिट नाही. राणी आता नखांच्या आवाजावरच उठते, घंटेची वाट बघत नाही. तरी घंटा वाजवायची सोडू नका म्हटलंय. फाटकामागचं भुंकणं कायम आहे. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

भुरी: थेंब. डावा डोळा हनुवटी टेकवून घेते. उजव्या बाजूने हात आला की डोकं उचलते. काकू उजव्या हाताने बाटली धरतात आणि मनगट तिच्या कानावरून जातं, ते तिला आवडत नसावं. उद्या काकूंना तिच्या मागच्या बाजूला बसवून, बाटली कपाळावरून पुढे आणून बघायची. सरावाला साध्या सलाइनचे थेंब, बाटली फ्रिजबाहेर, गार लागायला नको.

नवी नोंदणी: हाडाचा कर्करोग, पुढचा पाय काढावा लागणार, शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात. फार दिवस हाती नाहीत. गळ्याचा कोन घालून पाणी पिणं, पोटाखालच्या पट्ट्याने उचलून घेणं, तोंडाच्या जाळीत नाक घालणं, एवढंच आधी. घरात गुळगुळीत फरशी आहे, तीन पायांवर घसरणार. रबरी चटया अंथरायला आजच सांगितलं.